इशारा : शेवटच्या शनिवारी रात्री १० नंतर उघडे पोर्ट चालणार नाहीत

आपल्या सामायिक टनेल सर्व्हरवरून ज्यांनी वेबसाइटखेरीज दुसरे काहीही बाहेर काढले आहे, त्या सर्वांना हा इशारा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले कारखानदार, सीए मंडळींची कार्यालये, दवाखाने, पतसंस्था आणि या सर्व्हरवर गेम चालवणारी कॉलेजची मुले, सगळे यात आले. कोणाचा रिमोट डेस्कटॉप आहे, कोणाचा डेटाबेस, कोणाचा सीसीटीव्हीचा डीव्हीआर, कोणाचा पीएलसी, कोणाचा मेल सर्व्हर.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री १० वाजता, ज्याच्यामागे स्वतःचे भक्कम कुलूप नाही असा प्रत्येक पोर्ट मी बंद करणार आहे. मुदतवाढ मिळणार नाही. सोमवारी ऑडिट आहे, संगणकाचे सगळे बघणारा मुलगा बेंगळुरूला असतो, मालक गावाला गेलेत, ही कारणे खरी असतील. तरीही पोर्ट बंद होईल. ज्यांना पुढचे वाचायला वेळ नाही त्यांनी एवढी तारीख लिहून ठेवावी. बाकीच्यांनी शेवटपर्यंत वाचावे, कारण काय करायचे तेही यातच सांगितले आहे.

हा सर्व्हर कशासाठी उभा केला ते आधी आठवा. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती आणि छोट्या कार्यालयांच्या जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होणारा पत्ता दिसला की समजावे, कंपनीने एका सार्वजनिक पत्त्यामागे कित्येक ग्राहक बसवले आहेत. पत्त्यांची ही पट्टी २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवली गेली. अशा जोडणीवर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून काही होत नाही, कारण बाहेरची हाक राउटरपर्यंत पोचतच नाही. म्हणून भाड्याचा व्हीपीएस घेतला आणि त्यावर एफआरपी नावाचे टनेलचे सॉफ्टवेअर बसवले. तुमच्या कार्यालयातला संगणक आतून बाहेर या सर्व्हरकडे जोडणी करतो आणि ती धरून ठेवतो. बाहेरून कोणी सर्व्हरच्या ठरलेल्या पोर्टवर आले की त्याच जोडणीतून उलट आत पोचते. वेगळ्या स्थिर आयपीचे पैसे वाचले आणि इचलकरंजीच्या घरी बसून शिरोलीतला संगणक दिसू लागला.

त्या जुन्या अडचणीत मात्र एक संरक्षण होते. बाहेरून आत कोणी येऊ शकत नव्हते, यात चोरही आले. टनेलने ती अडचण दूर केली तेव्हा चोरांचीही दूर केली. तुमच्या फायरवॉलला यातले काही कळत नाही. तिच्या लेखी आतल्या संगणकाने बाहेर एक जोडणी केली आहे, आणि तशा तो दिवसभरात शेकडो करतो.

वेबसाइट असेल तर मधला सर्व्हर बरेच काही करू शकतो. कोणते नाव मागितले ते त्याला कळते, दारातच युझरनेम-पासवर्ड विचारता येतो, प्रमाणपत्र लावता येते, कोणत्या पानाची मागणी झाली ते लॉगमध्ये उतरते. रिमोट डेस्कटॉप, डेटाबेस किंवा पीएलसीचा मॉडबस यांच्या बाबतीत यातले काहीच होत नाही. टीसीपी पोर्ट सरळ उघडला की मधला सर्व्हर फक्त बाइट्स इकडून तिकडे नेतो. आत काय चालले आहे ते त्याला कळत नाही आणि तो कोणाला अडवतही नाही. तिथे पहारा ठेवायचा तर तो तुमच्या स्वतःच्या सेवेनेच ठेवायला हवा. आणि ती तर टनेलमुळे फसलेली असते. ती कशी फसते हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही, म्हणून ते नीट सांगतो.

एफआरपीचा क्लायंट तुमच्याच संगणकावर चालतो आणि आतल्या सेवेशी १२७.०.०.१ या पत्त्यावरून बोलतो. १२७.०.०.१ म्हणजे हाच संगणक. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून कोणीही आले तरी तुमच्या डेटाबेसला तो माणूस याच संगणकावर बसलेला दिसतो. लग्नाच्या मांडवात यजमानाचा हात धरून आत आलेल्या पाहुण्याला कोण कुठला असे कोणी विचारत नाही, तसा प्रत्येक अनोळखी इसम टनेलचा हात धरून आत येतो. क्लायंट वेगळ्या रास्पबेरी पायवर चालवला तर पत्ता १९२.१६८ने सुरू होणारा दिसतो. तोही सेवेच्या दृष्टीने घरचाच.

याचा परिणाम किती खोल आहे पाहा. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. ते डेटाबेस पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे होते. ज्यांनी पैसे भरले त्यातल्या अनेकांना काहीच परत मिळाले नाही, कारण पुसणाऱ्याने प्रत काढलीच नव्हती. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबीने मूळ सेटिंगमध्ये फक्त १२७.०.०.१ वर ऐकायचे असा नियम केला. रेडिस या डेटाबेसने त्याआधीच, २०१६ च्या ३.२ आवृत्तीत, पासवर्ड ठेवलेला नसेल तर बाहेरच्या पत्त्यावरून आलेल्याला उत्तर द्यायचे नाही अशी सोय केली होती. हा धडा लोक स्वतःची माहिती गमावून शिकले. टनेलची चार ओळींची सेटिंग लिहिली की तो सगळा रद्द होतो. रेडिस बाहेरच्याला घरचा समजून उत्तर देतो. मोंगोडीबी १२७.०.०.१ वर ऐकतो आणि हाक तिथूनच येते. पोस्टग्रेसमध्ये 'याच संगणकावरून आलेल्याला पासवर्ड विचारू नकोस' अशी ओळ कोणी सोयीसाठी लिहून ठेवली असेल, तर ती ओळ आता साऱ्या जगाला लागू आहे.

मेल सर्व्हरचे तर याहून वाईट. पोस्टफिक्समध्ये विश्वासातल्या पत्त्यांची यादी असते आणि त्यात १२७ने सुरू होणारे पत्ते असतातच. त्या यादीतला कोणीही पासवर्डाशिवाय कुठल्याही पत्त्यावर मेल पाठवू शकतो. असा मेल सर्व्हर साध्या टनेलमधून २५ क्रमांकाच्या पोर्टवर बाहेर काढला की तो त्या क्षणापासून जगातल्या प्रत्येक स्पॅम पाठवणाऱ्याचा मेल सर्व्हर होतो. सेटिंगमध्ये काही चुकलेले नसते. पोस्टफिक्स सांगितल्याप्रमाणेच वागत असतो.

चुकीचे पासवर्ड मारणाऱ्यांना अडवणारी साधनेही इथे लंगडी पडतात. फेल-टू-बॅन लॉगमधला पत्ता बघून बंदी घालतो. लॉगमध्ये प्रत्येकाचा पत्ता १२७.०.०.१ असेल तर एक तर तो कोणालाच अडवत नाही, नाही तर सगळ्यांनाच अडवतो, मालकासकट. विंडोजच्या नोंदींत रिमोट डेस्कटॉपवर फसलेल्या लॉगिनची ओळ दिसते, पण बाहेरचा खरा पत्ता दिसत नाही. उद्या पोलिसांकडे जायची वेळ आली तर तुमच्या संगणकावरचा पुरावा सांगेल की चोरी तुमच्याच संगणकावरून झाली.

यावर एक तांत्रिक उपाय आहे, त्याला प्रॉक्सी प्रोटोकॉल म्हणतात. जोडणीच्या सुरुवातीला टनेल खऱ्या पाहुण्याचा पत्ता आत कळवतो. एफआरपीमध्ये तो चालू करता येतो. पण पलीकडच्या सेवेला ती भाषा समजली पाहिजे. पोस्टफिक्सला समजते, मारियाडीबीला १०.३ आवृत्तीपासून समजते. ओपनएसएसएचला समजत नाही, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला समजत नाही. म्हणजे तुमच्यापैकी ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्या कामाचा तो नाही.

'आमचा पोर्ट रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा ३३८९ नाही, साठ हजारांच्या पुढचा कुठला तरी आहे, कोणाला सापडणार?' असे मला अनेकांनी सांगितले आहे. हा समज आजच सोडा. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन जाहीर केले. एका संगणकावरून, एका चांगल्या जोडणीवर, एखादा पोर्ट साऱ्या आयपीव्ही-४ इंटरनेटवर तपासायला त्याला ४५ मिनिटेही लागत नाहीत. शोदान ही शोधसेवा २००९ पासून अशा उघड्या सेवांची यादीच करत आली आहे. रिमोट डेस्कटॉप कोणत्याही क्रमांकावर ठेवा, पहिल्या दोन-चार बाइट्सच्या देवाणघेवाणीत तो ओळखू येतो. आपल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये हे रोज दिसते. नवा पोर्ट उघडला की मालक फोनवरून तो चालतो का ते बघायच्या आत परदेशी पत्त्यांची ठोठाव सुरू झालेली असते.

दार सापडल्यावर काय होते याचीही उदाहरणे आहेत. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेली होती. ब्रिटनमधली अनेक सरकारी रुग्णालये ठप्प झाली. आपल्या सर्व्हरवर आजपर्यंत एक ४४५ चा टनेल होता. हे वाचणाऱ्या त्या व्यक्तीला मी सांगतो, तुमच्यासाठी शनिवारची वाट बघितलेली नाही. तो पोर्ट मी हा इशारा देतानाच बंद केला आहे.

डीव्हीआरवाल्यांनी २०१६ चा मिराई आठवावा. टेल्नेटवर कारखान्यातून आलेले साठेक युझरनेम-पासवर्ड मारून बघायचे, एवढेच त्याचे तंत्र होते. त्या बळावर त्याने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर आपल्या फौजेत घेतले, आणि २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा बंद पडल्या. ज्यांचे डीव्हीआर त्यात वापरले गेले त्यातल्या बहुतेकांना ते कळलेही नाही.

पीएलसीबद्दल मला सर्वांत जास्त चिंता आहे, कारण तिथे माहिती जात नाही, यंत्र हलते. मॉडबस हा प्रोटोकॉल १९७९ चा आहे. त्यात पासवर्ड ही कल्पनाच नाही. ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर जो येईल तो तापमान वाचू शकतो आणि तोच रजिस्टरमध्ये नवा आकडा लिहू शकतो. फाउंड्रीतल्या भट्टीच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो हे ते चालवणाऱ्यांना मी सांगायला नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अलिक्विप्पा या गावच्या पाणीपुरवठ्यातला एक पीएलसी हल्लेखोरांनी ताब्यात घेतला. तो युनिट्रॉनिक्स कंपनीचा होता आणि इंटरनेटवर उघडा होता. अशा यंत्रांचा ठरलेला पोर्ट २०२५६ आणि कारखान्यातून येणारा पासवर्ड ११११ असल्याचे नंतर अमेरिकी यंत्रणांनी जाहीर इशाऱ्यात सांगितले आणि तो तातडीने बदलण्याची सूचना केली. तिथे कामगारांनी पंप हातांनी चालवून पाणी सुरू ठेवले. तुमच्या रात्रपाळीत यंत्र हाताने चालवू शकणारे कोणी नसेल तर काय कराल, हे तुम्ही मला लेखी कळवावे. उत्तर नसेल तर पीएलसीचा टनेल मागू नये.

गेमवाल्या मुलांना वाटते की आपल्याकडे चोरण्यासारखे काही नाही. डिसेंबर २०२१ मधली लॉग-फोर-जे या लॉगिंग लायब्ररीतली त्रुटी जगाला आधी दिसली ती माइनक्राफ्टच्या सर्व्हरांवर. चॅटमध्ये एक ओळ टाकली की सर्व्हर चालवणारा संगणक परक्याच्या हातात. त्याच संगणकावर वडिलांचे टॅली असेल, बँकेचे लॉगिन असेल, तर खेळणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या शेजारी आणून बसवल्यासारखे आहे.

आता 'टनेल एन्क्रिप्टेड आहे ना' या समजाबद्दल. तुमच्या संगणकापासून या सर्व्हरपर्यंतचा टप्पा एन्क्रिप्टेड आहे, हे बरोबर. एफआरपीच्या ०.५० आवृत्तीपासून ते आपोआप चालू असते. पण पाहुणा ते सर्व्हर हा टप्पा त्यात येत नाही. तिथे तुमचा प्रोटोकॉल जसा असेल तसाच उघडा जातो. टेल्नेट आणि एफटीपीचे पासवर्ड वाटेत वाचता येतात. मॉडबस तर पूर्ण उघडा. व्हीएनसीची जुनी पद्धत पासवर्डातली पहिली ८ अक्षरेच धरते, पुढे कितीही लांब लिहिले तरी ते वाया जाते. आणि सगळे टप्पे एन्क्रिप्टेड असते तरीही चोर त्याच एन्क्रिप्टेड वाटेने येतो. वाट गुप्त असणे आणि येणाऱ्याची ओळख पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टोकनचा प्रश्नही याच शनिवारी मिटवायचा आहे. सध्या सगळ्यांना एकच टोकन दिलेले आहे आणि ते व्हॉट्सॲपवरून कुठल्या कुठे गेले आहे. ज्याच्याकडे ते टोकन आहे तो कोणताही मोकळा पोर्ट मागू शकतो. रात्री तुमचा संगणक बंद झाला की तुमचा पोर्ट मोकळा होतो. दुसरा कोणी तोच क्रमांक मागून तिथे आपला नकली रिमोट डेस्कटॉप लावून बसला, तर सकाळी तुमचे कर्मचारी त्यालाच पासवर्ड देतील. प्रमाणपत्र बदलल्याची सूचना पडद्यावर येते, आणि आपल्याकडे ती न वाचता 'होय' दाबण्याची सवय आहे. जुने टोकन त्या रात्री १० वाजता रद्द होईल. नवे टोकन प्रत्येकाला वेगळे मिळेल, त्याला ठरलेलाच पोर्ट उघडता येईल, आणि ते समोरासमोर दिले जाईल. ते दुसऱ्याला दिल्याचे आढळले तर ते कायमचे रद्द होईल आणि पुन्हा मिळणार नाही.

काहींचे म्हणणे असे की आमचा संगणक, आमची जोखीम, तुम्हाला काय त्रास? या सर्व्हरला एकच सार्वजनिक पत्ता आहे. एकाचा मेल सर्व्हर स्पॅम पाठवू लागला की काळ्या यादीत जातो तो पत्ता, त्याचे नाव नव्हे. एकाच्या संगणकावरून दुसऱ्यांवर हल्ला झाला की तक्रार व्हीपीएस देणाऱ्या कंपनीकडे जाते आणि ती पूर्ण सर्व्हर बंद करते. त्या वेळी दवाखान्यातल्या सोनोग्राफीच्या फाइली, पतसंस्थेचे दिवसअखेरचे काम, कारखान्याचे डिस्पॅच, सगळे एकदम थांबेल. ज्याने काही चुकीचे केले नाही त्याचे नुकसान दुसऱ्याच्या आळसापायी होऊ देण्याचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही.

नोकरदार मंडळींनाही स्पष्ट सांगतो. कंपनीच्या आयटी विभागाला न विचारता ऑफिसच्या संगणकावर हा क्लायंट बसवून घरून काम करण्याची सोय काहींनी केली आहे. २४ मे २०२३ रोजी अमेरिका आणि तिच्या सहयोगी देशांच्या यंत्रणांनी व्होल्ट टायफून या हल्लेखोर गटाबद्दल संयुक्त इशारा काढला, त्यात त्या गटाने वापरलेल्या साधनांत एफआरपीचे नाव आहे. बऱ्याच कंपन्यांची सुरक्षा साधने हा क्लायंट दिसला की घुसखोरी समजूनच चौकशी करतात. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे आणि दुसऱ्याला तसा प्रवेश मिळवून देणे, या दोन्ही गोष्टी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतात. तेच अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. असा टनेल असेल तर शनिवारपर्यंत थांबू नका, आजच काढा.

दवाखाने आणि पतसंस्थांच्या संचालकांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. तुमच्या लॉगमध्ये सगळीकडे १२७.०.०.१ असेल तर काय कळवणार? वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या दवाखान्याला एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही. पण रुग्णांच्या फाइली बाहेर गेल्या तर 'पोर्टचा क्रमांक वेगळा ठेवला होता' हे उत्तर कुठेही चालणार नाही. सर्व्हरचे जोडणीचे लॉग, खऱ्या पत्त्यांसह, मी यापुढे १८० दिवस ठेवणार आहे आणि कायद्याने मागितले तर ते देणार आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी आपले टनेल काढून घ्यावेत.

आता काय करायचे ते. रिमोट डेस्कटॉप, सर्व प्रकारचे डेटाबेस, विंडोजचे फाइल शेअरिंग, व्हीएनसी, टेल्नेट, एफटीपी, मॉडबस आणि डीव्हीआर यांना यापुढे या सर्व्हरवर उघडा पोर्ट मिळणार नाही. पासवर्ड कितीही अवघड असला तरी नाही. यांच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली वायरगार्ड. ते मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे, विंडोजसाठी आणि अँड्रॉइड-आयफोनसाठी ॲप आहे, आणि ज्याच्याकडे चावी नाही त्याच्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे शोधणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक उपकरणाला वेगळी चावी मिळेल, आणि कोणती चावी कोणत्या संगणकाच्या कोणत्या पोर्टपर्यंत जाऊ शकते ते मी सर्व्हरवर बांधून टाकीन. कामगार नोकरी सोडून गेला की त्याची चावी त्याच दिवशी काढायची, त्यासाठी मला कळवण्याची जबाबदारी मालकाची. फोन हरवला तरीही तसेच.

दुसरी वाट एफआरपीमधलीच, एसटीसीपी. यात सर्व्हरवर सार्वजनिक पोर्ट उघडतच नाही. ज्याला आत यायचे त्याच्या संगणकावरही क्लायंट लागतो आणि दोन्हीकडे एकच गुप्त किल्ली लागते. ठरलेल्या एक-दोन संगणकांवरूनच काम करणाऱ्या सीए कार्यालयांना हे पुरे आहे. फोनवरून काम करायचे असेल तर वायरगार्डच घ्या. दोन्ही वाटांनी आलेला माणूससुद्धा आतल्या सेवेला घरचाच दिसतो, म्हणून डेटाबेसला पासवर्ड, विंडोजला वेगवेगळे युझर आणि वेळच्या वेळी अपडेट, हे तरीही लागणारच. ते नसेल तर मी चावी देणार नाही.

एसएसएच उघड्या पोर्टवर ठेवता येईल, पण पासवर्ड पूर्ण बंद करून, फक्त किल्लीवर. पासवर्ड बंद करताना कीबोर्ड-इंटरॲक्टिव्ह नावाची दुसरी वाटही बंद करावी लागते; ती विसरली तर पासवर्ड चालूच राहतो. मी बाहेरून स्वतः तपासणार आहे. सर्व्हरने पासवर्ड विचारला की पोर्ट बंद. मेल सर्व्हर प्रॉक्सी प्रोटोकॉलसहच चालेल, आणि बाहेरच्या पत्त्यावरून बाहेरच्या पत्त्यावर मेल जाते का याची चाचणी मी घेतल्यावरच. गेम सर्व्हर व्हाइटलिस्टसह, घरातली दुसरी कोणतीही कामे न होणाऱ्या वेगळ्या संगणकावर. यूडीपीचे सगळे टनेल बंद होतील. फेब्रुवारी २०१८ मध्ये मेमकॅश्डच्या उघड्या यूडीपी पोर्टांचा वापर करून गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला होता. दुसऱ्यावरच्या अशा माऱ्यात आपला पत्ता दिसू नये म्हणून ही वाटच मी ठेवणार नाही.

ज्यांचा स्वतःचा असा सर्व्हर आहे, कोल्हापुरात, पुण्यात किंवा आणखी कुठेही, त्यांनी आज रात्रीच आपली सेटिंग उघडून बघावी. एफआरपीमध्ये टोकन रिकामे ठेवले तर कोणीही येऊन तुमच्या सर्व्हरवर हवा तो पोर्ट उघडू शकतो. परवानगीचे पोर्ट लिहून ठेवले नाहीत तर सगळेच पोर्ट परवानगीचे ठरतात. डॅशबोर्डचा पोर्ट जगाला उघडा आणि उदाहरणातला ॲडमिन-ॲडमिन हा पासवर्ड तसाच, असे असेल तर कोणाकडे काय चालले आहे याची आयती यादी तुम्ही बाहेर ठेवली आहे. रॅटहोल हे टनेलचे दुसरे साधन वापरणाऱ्यांना प्रत्येक सेवेला टोकन द्यावेच लागते, ती पद्धत जास्त सुरक्षित आहे. ओपनएसएसएचने उलटा टनेल काढणाऱ्यांनी प्रत्येक किल्लीला कोणता पोर्ट ऐकता येईल ते बांधून द्यावे. ती सोय २०१८ पासून आहे आणि वापरणारे फार थोडे आहेत.

तुमच्याकडून मला त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत चार गोष्टी हव्या आहेत: कोणती सेवा, कोणता पोर्ट, कोण कोण वापरतो त्यांची नावे आणि उपकरणे, आणि शेवटचा बॅकअप कधी घेतला. बॅकअप टनेलमधून पोचता येणार नाही अशा ठिकाणी असला पाहिजे. त्याच संगणकावरच्या डी ड्राइव्हवरचा मी बॅकअप मानत नाही. गुरुवारपर्यंत ज्यांची माहिती येईल त्यांच्या वायरगार्डच्या चाव्या शनिवारी दुपारपर्यंत तयार असतील आणि त्यांचे काम एक दिवसही थांबणार नाही. बसवताना अडलात तर मी येऊन बसवून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

ज्यांच्याकडून काहीच येणार नाही त्यांचा पोर्ट शनिवारी रात्री १० वाजता बंद होईल. रविवारी सकाळी जोडणी लागली नाही म्हणून फोन करताना वरच्या चार गोष्टी हातात ठेवाव्यात. त्या मिळाल्या की रांगेप्रमाणे काम होईल. तोपर्यंत जुना पोर्ट तासाभरासाठीसुद्धा उघडला जाणार नाही.